गाडीचं चाक आणि माशाचा खवला

करोनाच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघं नेदरलँड्समधल्या बेस्ट गावी मुलाकडे अडकलो. विमानं बंद होती, आणि दुकानात नाण्यांना कुणी हात लावेना. जिथे तिथे फक्त कार्ड. अशात पुण्याच्या आमच्या नाणेसंग्राहक मंडळाने ऑनलाइन सभा सुरू केल्या. जुन्या अमेरिकन नाण्यांच्या टोपणनावांवरचं माझं गाजलेलं भाषण पुन्हा करा, असा अध्यक्षांचा फोन आला.

ते भाषण माझं नव्हतं. तरुणपणी मी नाणी घ्यायचो ती चकाकी पाहून. बायको मात्र रद्दीवाल्याकडे मिळालेले अमेरिकन कॅटलॉग शब्दकोश घेऊन वाचायची आणि लोक कोणत्या नाण्याला काय म्हणत ते हुडकायची. चांदीचा डॉलर मोठा आणि जड, म्हणून गाडीचं चाक. तीन सेंटचं चांदीचं नाणं इतकं पातळ, की माशाचा खवला. पाव डॉलरला ‘टू बिट्स’, कारण पूर्वी तिथे स्पॅनिश डॉलरचे आठ तुकडे करून चालवत. त्यातले दोन म्हणजे पाव. आपल्या पावलीसारखंच की, असं ती म्हणायची. मंडळात तेव्हा बायका चहा-पोह्यांपुरत्या. भाषण मी केलं, वार्षिक अंकात लेखही माझ्या नावाने आला. टाळ्या मी घेतल्या आणि म्हातारा होईपर्यंत घेत राहिलो. ती एका शब्दाने बोलली नाही, ते जास्त टोचायचं.

या वेळी तू बोल, असं तिला सांगितलं तेव्हा ती भेंडी चिरत होती.

“आता कशाला? लोक तुम्हाला हसतील.”

“हसू देत.”

तिने हो म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सुनेला विचारत होती, की आपला आवाज चालू-बंद कुठून करतात.

रविवारच्या सभेत आधी मी बोललो. ते भाषण, तो लेख, सगळं हिचं आहे, मी नुसता वाचून दाखवणारा, असं सांगून टाकलं. मग अध्यक्ष म्हणाले, “म्हणजे वहिनींनी मदत केली होती तर.”

“मदत मी केली,” मी म्हणालो. “नाणं हातात धरून उभा राहिलो.”

मग ती बोलली. संथ, न अडखळता. मध्येच अध्यक्षांनी तिला अडवलं. पाच सेंटच्या ‘निकेल’मध्ये तांबंच जास्त असतं, आणि तुमच्या यजमानांनी तर ते शुद्ध निकेलचं म्हणून सांगितलं होतं, असं त्यांचं म्हणणं.

“ते वाक्य त्यांचं स्वतःचं,” ती म्हणाली. सगळे हसले, मीही. “मी चौथा हिस्सा निकेल असं लिहून दिलं होतं. आणि नाव आधी पाच सेंटचं नव्हतंच. एका सेंटच्या नाण्यात थोडं निकेल घातलं, तेव्हा लोक त्याला ‘निक’ म्हणू लागले. मग नाव तीन सेंटवर गेलं आणि शेवटी पाच सेंटला चिकटलं.”

त्यानंतर प्रश्न तिलाच येत राहिले. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही, आणि इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. शेवटी अध्यक्षांनी तिला पुढच्या सभेत डच नाण्यांवर बोलायला सांगितलं.

“बोलेन,” ती म्हणाली. “पण आधी तो लेख नव्या अंकात पुन्हा छापा. माझ्या नावाने. आणि निकेलचं बरोबर लिहा.”

सर्वांसमोर त्यांना हो म्हणावं लागलं. आम्ही पुण्याला परतलो तेव्हा अंक येऊन पडला होता. तिने तो उभ्याउभ्याच वाचला, छपाईची एक चूक काढली आणि अध्यक्षांना फोन लावला.