वर्लिन स्टकीचा आवाज

दक्षिण इलिनॉयमधला वर्लिन स्टकी म्हणजे सरकारच्या नावानं चोवीस तास चालू असलेला भोंगा. पेट्रोलवरचा कर वाढला, खड्डे तसेच राहिले, सगळा पैसा शिकागोच्या घशात गेला, हे पुराण तो रोज सकाळी लोरेटाच्या हॉटेलात कॉफीबरोबर लावायचा. त्यातच बंदूक बाळगायच्या सरकारी कार्डाची मुदत संपत आली आणि त्यानं टेबलावर मूठ आपटली.

"माझ्या बापाची बंदूक, आणि परवानगी राजधानीतल्या कारकुनाची? यंदा कुणीही कार्ड काढायचं नाही. घ्या शपथ!"

टेबलाभोवतीच्या पाचही मित्रांनी हात वर केले. मेहुण्यानं, हार्लननं, तर दोन्ही.

नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा पहिलाच दिवस. रानाच्या तोंडाशी शिकार खात्याचा अधिकारी उभा. "कार्डं दाखवा."

पाच हात खिशात गेले, पाच नवीकोरी कार्डं बाहेर आली. वर्लिन बघतच राहिला.

"हार्लन, शपथ घेतली होतीस ना रे?"

"घेतली की! पण दाजी, शपथेनं हरणं मरतात होय?"

अधिकाऱ्यानं वर्लिनच्या बापाची बंदूक काढून घेतली. वर्लिन गाडीकडे वळला, पण गाडी हार्लनची होती आणि घर अकरा मैल लांब.

"निघालात कुठे?" हार्लन म्हणाला. "झाडीतून हरणं उठवायला हाकारा घालणारा हवाच होता. आणि आवाज तर तुमचाच मोठा!"

बाकीचे खो खो हसले. वर्लिन झाडीत शिरला आणि त्यांच्या बंदुकांसाठी घसा फुटेस्तोवर ओरडत सुटला.