टाकीवरचा तवंग आणि सासूबाईंचा तांबडो

लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्यावर विश्वास टाकला, आणि चौथ्या दिवशी तो पाण्यात पोट वर करून तरंगत होता.

सासूबाई इब्रामपूरला राहतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना मुरगावला मुलाकडे आठवडाभर जायचं होतं. जाताना त्या डिचोलीला आमच्याकडे उतरल्या. गाडीत मागच्या सीटवर काचेची टाकी, आणि सासूबाईंच्या मांडीवर झाकण लावलेली बाल्दी. बाल्दीत मुठीएवढा लाल मासा. सासऱ्यांनी तो आणला तेव्हा बोटाच्या पेराएवढा होता म्हणे. पुढे दोन महिन्यांत सासरे गेले, त्यालाही आता तीन वर्षं झाली. सासूबाई त्याला तांबडो म्हणतात. सकाळचा चहा त्याच्यासमोर बसून घेतात आणि गावात कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या काजूला यंदा मोहर नाही, हे सगळं त्याला सांगतात.

मला मात्र या बाईने आजवर हातातली पिशवीसुद्धा धरायला दिली नव्हती. (माझ्याकडून एकदा फणस बसमध्ये राहिला होता. एकदाच! पण सासरी एकदा म्हणजे कायमचं.) त्यामुळे बाल्दी त्यांनी थेट माझ्या हातात दिली तेव्हा मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"जावयबापू, ह्येका सांभाळा हां," त्या म्हणाल्या. "तेंच्या हातची जिती वस्तू आता इतकीच रवली आसा."

मी म्हणालो, आई, काळजी करू नका, मी विज्ञानाचा मास्तर आहे. हे वाक्य मी बोलायला नको होतं.

टाकी जेवणाच्या मेजाशेजारी ठेवली. शुक्रवारी संध्याकाळी शाळेतून आलो तर पाण्यावर तवंग. पातळ, चकचकीत, दिव्याच्या उजेडात मोरपिशी रंग दाखवणारा. मासा वर येऊन तोंड उघडझाप करत होता. आता, नववीच्या वर्गाला मी वर्षानुवर्षं पृष्ठताण शिकवतो. पाण्यावर सुई तरंगवून दाखवतो, पोरं टाळ्या वाजवतात. म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग हा तर माझाच प्रांत! मी बायकोला, सुषमाला, म्हणालो, हे मी दहा मिनिटांत काढतो.

आधी कुलेर घेतली. चमचा इकडे घातला की तवंग तिकडे पळायचा, तिकडे घातला की इकडे. अर्ध्या तासात टाकीतलं पाणी चार बोटं खाली गेलं आणि तवंग होता तेवढाच राहिला. सुषमा म्हणाली, आईला फोन करून विचारूया का? मी म्हणालो, डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला कशाला घोर लावायचा? (खरं कारण वेगळं होतं. मला फणस आठवत होता.)

शनिवारी वर्तमानपत्र वापरलं. पान पाण्यावर अलगद पसरायचं, ते तेल शोषतं, मग उचलायचं. कल्पना उत्तम होती आणि पहिलं पान तर छान तेलकट होऊन वर आलं. दुसरं उचलायला गेलो तेवढ्यात फोन वाजला. परत येईपर्यंत पान भिजून बुडालं होतं आणि तांबडो हवामानाच्या अंदाजाखाली कुठेतरी दडला होता. कागदाचे लगदे काढता काढता माझा बनियन छातीपर्यंत भिजला. रात्री झोप धड लागेना. डोळा लागला की सासूबाई दिसायच्या, काळा चष्मा लावून, रिकामी बाल्दी हातात घेऊन.

रविवारी दुपारी कोंबडीची शागोती होती, आणि पाववाल्या पोदेराने सकाळी दिलेले उंडे, आमचे गोल पाव. मी उंड्याचा तुकडा रश्शावर नुसता टेकवला तर त्याने वरचं सगळं तेल एका दमात ओढून घेतलं. मी घास तोंडाशी नेता नेता थांबलो. आमच्या अख्ख्या मुलखात तेल काढायला यापेक्षा भारी वस्तू आहे का?

"सुषमा," मी म्हणालो, "आणखी दोन उंडे दे."

"जेवताय की काय करताय?"

"विज्ञान."

उंडे मधोमध कापले आणि मऊ बाजू खाली करून चारही अर्धे पाण्यावर सोडले. काय सांगू, दहा मिनिटांत पाणी आरशासारखं झालं! मी सुषमाला हाताला धरून आणलं आणि दाखवलं. तिनेही मान डोलावली. बावीस वर्षांत तिने एवढ्या मनापासून मान डोलावल्याचं मला आठवत नाही. त्या समाधानात मी जाऊन आडवा झालो. रविवार, शागोती आणि दुपार. गोंयच्या माणसाला अशा वेळी कोणी दोष देऊ नये. पाव मात्र टाकीतच राहिला.

चार वाजता उठलो. टाकीत उंड्यांच्या चार करवंट्या तरंगत होत्या, आतला गर साफ. आणि त्यांच्यामध्ये पाचवी वस्तू तरंगत होती. लाल. उताणी.

मी सुषमाला हाक मारली. सुषमा आली, तिने बघितलं आणि तिचे डोळे भरले. "बाबांचा मासा," एवढंच म्हणाली. मला त्या क्षणी टाकीत उडी मारावीशी वाटली, पण टाकीत माझा एक पायसुद्धा मावला नसता.

इतक्यात माशाचा एक पर हलला.

मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते भले गृहस्थ, पण जन्म म्हशींत गेलेला. पहिला प्रश्न, पेशंटचं वजन किती? मी म्हणालो, शंभरेक ग्रॅम. किलो ना, त्यांनी विचारलं. मग मी मासा म्हणालो, पाव म्हणालो, सासूबाई म्हणालो, आणि ते माणसासारखे बोलू लागले. अजीर्ण झालंय, फुगलाय, म्हणाले. तीन दिवस दाणासुद्धा घालू नका. निवळलेलं पाणी तांब्याने थोडं वरून सोडत जा, पाणी हलतं राहिलं की तवंग धरत नाही. मग त्यांनी विचारलं, टाकी चुलीजवळ आहे का? घरात काय तळता?

आमचं स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यात दार नाही. गुरुवारी बांगडे, शुक्रवारी बांगडे, शनिवारी सुंगटं, म्हणजे कोळंबी. तेलाची वाफ जाऊन बसत होती ती थेट तांबड्याच्या डोक्यावर! आणि मी तीन दिवस तवंग काढत होतो, त्याच मेजावर बसून तळलेला बांगडा खाऊन. बिचाऱ्याने हे सगळं काचेतून बघितलं होतं.

सुषमाने त्याच संध्याकाळी तळणाची कढई माळ्यावर टाकली. मासा उपाशी म्हणून आम्हीही डाळ-भातावर. सोमवारी मी शाळेतून प्रत्येक सुट्टीत घरी फोन केला. पहिल्या सुट्टीत उताणा. दुसऱ्या सुट्टीत उताणा. तिसऱ्या वेळी सुषमा म्हणाली, आता कुशीवर आलाय, आणि तुम्ही पुन्हा फोन केलात तर मी उचलणार नाही. मंगळवारी संध्याकाळी तांबडो सरळ झाला, एक फेरी मारली आणि काचेपाशी येऊन माझ्याकडे असा बघत राहिला की मी नजर फिरवली.

आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलं. बुधवारी त्या आल्या, काळा चष्मा लावून. टाकीपाशी खुर्ची ओढून बसल्या आणि सहज म्हणाल्या, "कसो आसा रे माझो तांबडो?"

एवढंच. प्रश्न माशाला होता. पण मी कुलेर, वर्तमानपत्र, उंडे, झोप, म्हशींचे डॉक्टर, सगळं घडाघडा ओकून टाकलं. सुषमा मागून माझा शर्ट ओढत होती. माझं बोलून झालं. सासूबाई खाली मान घालून बसल्या आणि त्यांचे खांदे हलू लागले. मी घाबरलो. डोळ्यांत पाणी येता कामा नये, असं त्यांना बजावलेलं होतं! मी म्हणालो, आई, रडू नका, माझं चुकलं, डोळ्याला जपा.

त्या रडत नव्हत्या, हसत होत्या.

"आमच्या ह्यांनीय पावच घातलेलो," त्या म्हणाल्या. "असोच उताणो झालेलो. त्या दिसापासून मी तेंका टाकीक हात लावूक दिलंय नाय. लांबसून बघत बसत."

मग हसता हसता खरंच रडल्या, आणि सुषमा रुमाल घेऊन धावली. मला भरून आलं. सासऱ्यांशी माझं काही जुळतं, असं या घरात आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

दोन महिन्यांनी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. टाकी पुन्हा आमच्याकडे आली. या वेळी बाल्दी सुषमाच्या हातात गेली आणि माझ्यासाठी सासूबाईंनी स्वतः खुर्ची मांडून दिली. सासऱ्यांची जागा मला अखेर मिळाली आहे: टाकीपासून चार हात लांब, हात मागे बांधून.