पिल्लाचं नाक

मला कुत्रं नको होतं, हे आधीच सांगून टाकते. दोन खोल्यांचं घर, तिसऱ्या मजल्यावर. त्यात आणखी एका जिवाचं हगणं-मुतणं कोण काढणार? मीच. पण लेक पुण्याला हॉस्टेलवर गेली आणि माझा नवरा कामावरून आला की खुर्चीत बसून नुसता भिंतीकडे बघायला लागला. टीव्ही लावा म्हटलं तर लावायचे, बंद करा म्हटलं तर बंद करायचे. बोईसरच्या एका रंगाच्या कंपनीत ह्यांना एकोणीस वर्षं झाली आहेत. एक दिवस बूट काढता काढता म्हणाले, "घरी आल्यावर कुणीतरी धावत दारात यावं, एवढंच वाटतं गं."

मला असा राग आला म्हणून सांगू! एकोणीस वर्षं दार कोण उघडतंय मग? शेजारीण? पण ह्या माणसाने आजवर स्वतःसाठी साधा शर्टसुद्धा मागितला नव्हता. साताऱ्याकडे नणंदेच्या रानात कुत्री व्यालेली होती. मी म्हटलं, आणा बाई एकदाचं.

म्हणून मे महिन्यात, कंपनीत आठ दिवस मेंटेनन्सचं शटडाऊन होतं तेव्हा, आम्ही गेलो. पिल्लू तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, पोट नगाऱ्यासारखं. ह्यांनी ते उचललं तेव्हा ह्यांचा चेहरा बघवत नव्हता, इतका खूश. तिथे रानात त्याने ह्यांचा अंगठा चोखला, ह्यांच्या चपलेवर झोपलं. नणंद म्हणाली, "दादा, तुझंच हाय बघ हे." सगळं तिथेच जमून गेलं होतं खरं म्हणजे.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीने बोईसरला निघालो. पिल्लाला गुंडाळायला मी घरून ह्यांचा जुना बॉयलर सूट नेला होता. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्याही घरी जा, कंपनीचे जुने युनिफॉर्म सापडणारच. त्याच्या पिशव्या शिवतात, गरम भांडी उचलायला घेतात, स्कूटर झाकतात, तान्ह्या पोराखाली पसरतात. कापड दणकट, धुऊन धुऊन मऊ झालेलं. हा तर मी तीन वेळा धुतला होता, शेवटी गरम पाण्यातून काढून. माझ्या मते त्याच्याइतकं चांगलं अंथरूण नव्हतं.

खंबाटकी घाटात पिल्लू पहिल्यांदा ओकलं. घाटच आहे, म्हटलं, माणसंही ओकतात. पुण्याच्या पुढे पुन्हा. खालापूरला नुसता फेस. आम्ही ऊन नको म्हणून काचा बंद करून एसी लावलेला. ते थरथरायला लागलं की मी त्याला सुटात आणखी घट्ट गुंडाळायची, तोंडापर्यंत. ते धडपडून मान बाहेर काढायचं, मी पुन्हा आत घालायची. "गप पड की मेल्या," म्हणून ओरडलेसुद्धा. घोडबंदरला दीड तास गाडी जागची हलली नाही. पाठ मोडली होती, मांडी ओली, डोकं फुटायला आलेलं. हे दर पाच मिनिटांनी विचारायचे, "श्वास घेतंय ना?" मी म्हटलं, "तुम्ही पुढे बघा हो. घेतंय." पण मलाही धाकधूक होतीच. हे पिल्लू वाटेत गेलं तर हा माणूस पुन्हा काही मागणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आमचा नेहमीचा चिल्हारचा रस्ता ट्रेलरने तुंबलाय असं कुणीतरी सांगितलं म्हणून मनोरवरून मासवणच्या बाजूने वळलो. मासवणच्या अलीकडे एक म्हातारी झाडाखाली ताडगोळे घेऊन बसली होती. हे म्हणाले, पिल्लाला थोडं पाणी पाजू. मी उतरले ते पाय सुन्न झालेले, तशीच तिच्याशेजारी जमिनीवर बसले. तिने हात पुढे केला आणि पिल्लू सुटासकट घेतलं. लगेच तोंड फिरवलं.

"ह्या फडक्याला कसला वास मारतं बाय? औशदावानी."

"कसला वास? धुतलेलं आहे."

"धुतलेलं हाय, पण वास हाय. तुमाला येत नाय?"

आम्ही दोघांनी सूट नाकाला लावून हुंगला. मी हुंगला, ह्यांनी हुंगला. साबणाचाही वास आला नाही, कशाचाच नाही. म्हातारी आमच्याकडे बघत राहिली. मग तिने सूट लांब टाकला आणि उशाला घेतलेल्या जुन्या लुगड्याचा तुकडा काढून पिल्लू त्यात ठेवलं. ताडगोळ्याचं पाणी बोटाने त्याच्या तोंडात सोडलं. पाच मिनिटांत, खरंच पाच मिनिटांत, ते चाटायला लागलं. दहा तास मी त्या एवढ्याशा जिवाचं नाक दाबून धरलं होतं. मला इतकी लाज वाटली की म्हातारीचे आभारसुद्धा नीट मानता आले नाहीत.

हे खूश होऊन त्याला घ्यायला वाकले. पिल्लाने ह्यांचा हात हुंगला आणि म्हातारीच्या मांडीत मागे सरकलं.

"हातालाबी हाय," म्हातारी म्हणाली. वाईट बोलायचं म्हणून नाही, दिसलं ते बोलली.

पालघर ते बोईसर हे मधून मधून आपलाच हात हुंगत होते. साताऱ्याच्या रानात, शेणाच्या न् कडब्याच्या वासात, ह्यांच्या हाताचा वास पिल्लाला कळला नसावा. किंवा गाडीतल्या दहा तासांनी त्याला तो वास काय असतो ते शिकवलं. शिकवलं कुणी, तर मीच.

घरी आल्यावर पिल्लू माझ्यामागे स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये, गॅलरीत. ह्यांच्याकडे नाही. ह्यांनी बिस्किटं दिली, तर ते जमिनीवर पडेपर्यंत थांबायचं. हे दिवसातून तीनदा आंघोळ करायला लागले. बेसन लावलं, लिंबू चोळलं, कडुनिंबाचा पाला उकळला. बाहेर येऊन मला विचारायचे, "गेला का वास?" मी काय सांगणार? मला आधी तरी कुठे येत होता! समोरच्या काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या, "छे गं, काही नाही." त्यांचे मिस्टर औषधाच्या कंपनीत. खालच्या भाभीला विचारलं, ती म्हणाली, "कुछ नहीं आता." तिचा नवरा ह्यांच्याच प्लांटमध्ये. अख्ख्या बिल्डिंगमध्ये विचारायला चालू नाक असलेलं एक माणूस मिळेना. मला हसू आलं, आणि मग हसता हसता गॅस बंद करून मी खाली बसले. लग्न होऊन आले तेव्हा ह्या गावात मला आठ दिवस जेवण गेलं नव्हतं, कारखान्यांच्या वासाने. सासूबाई म्हणाल्या होत्या, होईल सवय. कधी झाली, कळलंही नाही.

शटडाऊन संपेपर्यंत पिल्लू थोडं जवळ आलं, ह्यांच्या पायापासून हातभर अंतरावर बसायला लागलं. मग ह्यांची फर्स्ट शिफ्ट सुरू झाली. दुपारी बेल वाजली, पिल्लू उड्या मारत दाराकडे पळालं, मी दार उघडलं, आणि ते जागच्या जागी थांबलं. दोनदा शिंकलं. पलंगाखाली गेलं. हे दारातच उभे. म्हणाले, "असू दे गं. त्याचं नाक चांगलं आहे." आणि टॉवेल घेऊन आत गेले. रोज हेच. मला त्या पिल्लाचा संताप यायचा आणि ह्यांची कीव यायची, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता.

दोन महिने गेले असतील. परवा दुपारी मी कणीक मळत होते. बेल वाजली. कणकेच्या हातानेच कडी काढली आणि पिल्लू माझ्या पायांमधून सुसाट बाहेर गेलं. थांबलं नाही, शिंकलं नाही. सरळ ह्यांच्या अंगावर. युनिफॉर्मवर पाय ठेवून उभं राहिलं, हात चाटले, कोपर चाटलं, खाली वाकले तर तोंड चाटलं. हे जिन्यातच बसले, डबा बाजूला पडला, आणि मोठ्याने हसायला लागले. इतक्या वर्षांत मी ह्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. "बघ, बघ," मला म्हणाले, "आलं की नाही! वास गेला बघ माझा!"

वास कुठला जातोय. सकाळपासून प्लांटमध्ये होते, आंघोळही व्हायची होती. गेलं होतं ते पिल्लाचं नाक.

मी हो म्हटलं. "गेला हो," म्हटलं, आणि आत येऊन कणीक मळत राहिले. बाहेर दोघांचा दंगा चालला होता, मला आनंद झाला होता, आणि रडू थांबत नव्हतं.