बल्ब नसलेला लाल दिवा

या सदरातले अनुभव वाचताना मी बहुतेकांना मनातल्या मनात एखादं साधं कारण शोधून देतो. आयुष्य इंजिनिअरिंगमध्ये गेलं... संकेत, चमत्कार असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे लिहितोय.

साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात नोकरीला होतो. जयनगर तेव्हा अर्धंअधिक मोकळंच होतं, तिथे आम्ही राहायचो. माझ्याकडे एक जुनी इंग्लिश मोटार होती. तिच्या डॅशबोर्डवर चार्जिंगचा छोटा लाल दिवा होता. त्याचं काम सोपं — किल्ली फिरवली की बॅटरीची वीज बल्बमधून डायनामोकडे जाते आणि दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन डायनामो स्वतः वीज करू लागला की दोन्हीकडचा विजेचा दाब सारखा होतो. मग बल्बमधून काही वाहतच नाही, दिवा विझतो. चालत्या गाडीत तो लागला तर समजायचं, डायनामो फिरवणारा पट्टा तुटला किंवा डायनामो बिघडला.

त्या सुमारास तो बल्ब उडाला होता. तसा दुसरा बाजारात मिळेना, म्हणून मी तो काढून टाकला होता. डायनामोच्या गाडीत त्यावाचून चार्जिंग अडत नाही.

माझे सासरे, दादा, साताऱ्याहून आले होते. त्यांना मधुमेह होता, रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यायचे. एका रविवारी त्यांना म्हैसूर दाखवायला निघालो. इंजेक्शन झालं होतं; नाश्ता वाटेत रामनगरला करायचा ठरलं. दादा मागच्या सीटवर, माझी बायको सुमती माझ्या शेजारी. केंगेरी मागे पडलं तेव्हा दादा गप्प झाले. आम्हाला वाटलं, डुलकी लागली.

"अहो, तो लाल दिवा लागलाय," सुमती म्हणाली.

"ऊन पडलं असेल काचेवर."

मी हाताचा आडोसा केला. सावलीत तो आणखीच लाल दिसला... एकसारखा, न लुकलुकता.

"त्यात बल्ब नाहीये," मी म्हणालो.

"मग लागलाय कसा?"

गाडी झाडाखाली घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि बॉनेट उघडलं. पट्टा घट्ट, डायनामो व्यवस्थित फिरतोय. तेवढ्यात आतून सुमतीचा आवाज आला, "आधी इकडे या. दादांना बघा."

दादा घामाने निथळत होते. डोळे अर्धवट उघडे, नजर शून्यात. सुमतीने ओळखलं — साखर उतरली होती. थर्मासमधल्या कॉफीत तिने भरपूर साखर ढवळली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने थोडी थोडी पाजली. हळूहळू ते गिळू लागले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "सुमे, रामनगर आलं का?"

ती रडायला लागली. मी पुढे पाहिलं, तर दिवा विझलेला होता.

तसेच मागे फिरलो. डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडा वेळ असेच गेले असते तर शुद्धीवर आले नसते."

दुपारी शेजारच्या वेंकोबाअण्णांना बोलावलं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, त्यांच्याकडेही मोटार होती. टॉर्च घेऊन ते डॅशबोर्डखाली आडवे झाले.

"होल्डर रिकामाच आहे की हो. वायरी पण सरी आहेत, ठीक आहेत."

"मला माहीत आहे, अण्णा. पण सकाळी दिवा लागला होता. दोघांनी पाहिला."

त्यांनी टॉर्च विझवला. मग बाहेर येऊन म्हणाले, "तुम्ही स्वल्प झोपा आता."

बाजूचे दिवे, वायरी, काच सगळं मी पुढे कितीदा तपासलं. शॉर्ट झालं असतं तर ठिणगी उडाली असती, फ्यूज गेला असता. असा शांत उजेड पडला नसता.

संध्याकाळी दादांजवळ बसलो होतो. ते म्हणाले, "जावईबापू, मी तुम्हाला हाका मारत होतो. आवाजच फुटेना. नुसता तुमच्या पाठीकडे बघत बसलो... म्हटलं, एकदा तरी थांबतील."

"पुढे लाल दिवा दिसला का तुम्हाला?"

"कुठला दिवा?"

दादा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. बल्बही पुढे मिळाला, आणि गाडी विकेपर्यंत तो दिवा लागायला हवा तेव्हाच लागला. त्या सकाळी मी गाडी का थांबवली, ते सांगू शकतो. दिवा का लागला, ते मला अजून सांगता येत नाही.