राणीच आहे, भाऊ

“आता खरं सांगा, कुठं दिसलं?”

पत्त्यांच्या जादूत समोरच्याचा पत्ता काढून दाखवला की भाऊ टाळ्यांसाठी थांबायचे नाहीत. टाळ्या अर्ध्यात असतानाच हा प्रश्न यायचा. मग त्यांचं बोट टेबलाभोवती फिरायचं आणि ज्याच्यासमोर थांबेल त्यानं आपलं मत द्यायचं. नुसतं ‘मस्त’ म्हटलेलं त्यांना चालत नसे.

“वा वा नको. वा वा तर मले घरीही भेटते.”

“घरी भेटते?” आमच्या हिशेब सांभाळणाऱ्या मीनाताई हटकून म्हणायच्या. “थांबा, वहिनींना फोन लावते.”

“बाप्पा! तेवढं नका करू.”

तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेल, ज्याच्यामुळे डबा खायला एकत्र बसावंसं वाटतं. रामदासपेठेतल्या आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात ते भाऊ होते. सर्वांत जुने ड्राफ्ट्समन. कागदावर पेनानं नकाशे काढण्याच्या काळात आलेले, नंतर कॉम्प्युटरही शिकलेले. रोज कामठीहून शेअर ऑटोनं यायचे आणि ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या सीटवर लटकून बसायचे. मागं ऐसपैस जागा असली तरी. काहून, विचारलं तर म्हणायचे, “मागं बसलं की नुसते पाय दिसते लोकाइचे. समोर दुनिया दिसते.”

जादू त्यांना एकच येत होती, आणि तीही अगदी सोपी. पत्ते पिसताना गड्डीतला सगळ्यात खालचा पत्ता चोरून पाहून घ्यायचा. समोरच्यानं एक पत्ता ओढायचा, भाऊंनी तोंड फिरवलं की सगळ्यांना दाखवायचा आणि गड्डीवर ठेवायचा. मग गड्डी मधून कापून खालचा भाग वर ठेवायचा. झालं. पाहून ठेवलेला पत्ता समोरच्याच्या पत्त्यावर जाऊन बसतो. भाऊ एकेक पत्ता उलटत जायचे, ओळखीचा पत्ता आला की श्वास घ्यायचे, आणि पुढचा पत्ता बोटांत धरून म्हणायचे, “तुमचा पत्ता मी शोधून नाही राहिलो. तोच माह्याकडे चालत येऊन राहिला.”

ही युक्ती आम्हा सगळ्यांना माहीत होती. त्यांनाही माहीत होतं की आम्हाला माहीत आहे. खरी मजा नंतरच्या परीक्षणात होती. खालचा पत्ता पाहताना त्यांना आम्ही पकडायचं आणि त्यांनी पुढच्या शनिवारी सुधारून यायचं. मीनाताई एकदा म्हणाल्या, “भाऊ, पिसताना तुमची मान वाकडी होते.” पुढच्या शनिवारी भाऊ मुंडावळ्या बांधल्यासारखे ताठ मानेनं पत्ते पिसत होते. हसून हसून आमचे डबे तसेच राहिले.

माझ्यावर बोट आलं की मी दोनच शब्द बोलायचो. “डोळे गेले.” म्हणजे नजर खाली गेली. भाऊ खूश व्हायचे. “हा कमी बोलते, पण फालतू बोलत नाही,” असं सगळ्यांना सांगायचे. मला ते आवडायचं. माझ्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं फार नव्हती.

आता जे सांगायचं आहे ते मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. मीनाताईंनी हे वाचलं तर त्यांनाही आजच कळेल.

भाऊंना शुगर होती. एकदा कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर आम्ही दोघंच उभे होतो. त्यांनी बिनसाखरेचा चहा मागितला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून माझ्या कपातला अर्धा चहा आपल्या कपात ओतून घेतला.

“डॉक्टर म्हणते, शुगरवाल्यानं दरवर्षी डोळे दाखवले पाहिजे,” ते म्हणाले. “मी म्हटलं, माह्या डोळ्याची तपासणी तर दर शनिवारी होते! खालचा पत्ता एका झटक्यात दिसला पाहिजे, चिन्ह ओळखू आलं पाहिजे. ज्या दिवशी पत्ता चुकल, त्या दिवशी जाईन दवाखान्यात. उगाच काहून जायचं? गेलं की काही ना काही काढतेच ते लोक.”

मी हसलो. तेही हसले. पण ते थट्टा करत नव्हते. हे मला तेव्हाच कळलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात पत्ता चुकला. मी चौकटची पंजी ओढली होती, सगळ्यांना दाखवली होती. भाऊंनी खाली पाहून ठेवलेली असावी इस्पिकची अठ्ठी, पण उलटताना ते किलवरच्या अठ्ठीवर थांबले. श्वास घेतला. पुढचा पत्ता बोटांत धरला. बदामची दश्शी.

“तुमचा पत्ता मी शोधून नाही राहिलो...”

कूलर घरघरत होता. सगळे माझ्याकडे पाहत होते. भाऊ हसत होते, चष्मा घामानं नाकावर उतरला होता. त्याच आठवड्यात सरांनी ऑफिसातली माणसं कमी करायची गोष्ट काढली होती. भाऊंच्या नकाशात तीनच्या जागी आठ पडलेला मी दोनदा पाहिला होता आणि कुणाला न सांगता दुरुस्त केला होता. हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं असं मी म्हणू शकतो. स्वतःला तसंच सांगत आलो. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी एवढंच वाटलं, की ‘नाही’ हा शब्द माझ्या तोंडून जायला नको.

“हाच,” मी म्हणालो.

मीनाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याही म्हणाल्या, “वा भाऊ!”

“कुठं दिसलं?”

“आज काहीच नाही दिसलं,” मी म्हणालो.

तेव्हापासून आमच्या ऑफिसात एक रीतच पडली. भाऊ जो पत्ता काढतील तो आपला. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं. कधी पत्ता बरोबर यायचा, पुष्कळदा चुकायचा, टाळ्या दोन्ही वेळा सारख्याच. उलट चुकलेल्या पत्त्याला जरा जास्तच. बाकीच्यांना वाटायचं, म्हातारपण जवळ आलेल्या माणसाचं मन राखतोय आपण. त्यांचा काही दोष नाही. टपरीवरचं बोलणं त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आधी जादू शनिवारी व्हायची. आता ती मंगळवारीही होऊ लागली, मग गुरुवारीही, मग रोज. डबा उघडायच्या आधी गड्डी बाहेर यायची. जेवणाच्या आधी भाऊ नळाखाली चष्मा धुवायचे, शर्टाच्या टोकानं पुसायचे, उजेडात धरून पाहायचे, पुन्हा धुवायचे. त्यांना शंका आली होती. ते रोज आम्हाला विचारत होते आणि आम्ही रोज त्यांना खोटं उत्तर देत होतो.

त्याच सुमारास एक मुलगी नवीन लागली, आर्किटेक्चरचा कोर्स संपवून आलेली. पहिल्याच आठवड्यात भाऊंनी तिच्यापुढे गड्डी धरली. तिनं इस्पिकची राणी ओढली, आम्हाला दाखवली, परत ठेवली. भाऊंनी काढला राजा.

“काका, पण माझी तर...”

मीनाताईंनी टेबलाखाली तिचा पाय दाबला. “राणीच आहे की! नीट पाहा वं.”

मुलगी डब्याकडे वळली. पण भाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू अडकलं. त्यांनी पत्ता डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, खिडकीकडे वळवला. “याले मिशा दिसून राहिल्या मले,” ते हळूच म्हणाले. कुणीतरी हसलं. भाऊ हसले नाहीत. त्यांनी पत्ता माझ्यासमोर धरला.

“तू सांग गा. तू फालतू बोलत नाही. राणी आहे का राजा?”

वाचणाऱ्यांनो, तुम्ही त्या टेबलाशी असता तर काय केलं असतं, मला माहीत नाही. मला हे माहीत होतं की या एका शब्दावर हा माणूस दवाखान्यात जाणार किंवा जाणार नाही. राजाच्या मिशा मला स्पष्ट दिसत होत्या.

“राणीच आहे, भाऊ.”

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की वरचा पत्ता हलला. मग डबा उघडला आणि मुलीला आग्रह करकरून पाटोडी वाढली.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी भाऊ शेअर ऑटोत पुढच्या सीटवर बसले होते आणि डोळ्यांसमोर काळी शाई सांडावी तसं झालं. ड्रायव्हरनंच त्यांना परत घरी नेऊन सोडलं. डोळ्याच्या आत रक्त उतरलं होतं. ऑपरेशन झालं. एक डोळा पुरता गेला, दुसऱ्यात उजेड आणि सावली एवढंच राहिलं. पहिल्यांदा धूसर दिसलं तेव्हाच आले असते तर लेझरनं बरंच वाचवता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. हे मला मीनाताईंनी सांगितलं. सांगताना त्या रडत होत्या. “काहून दाखवले नसतील हो त्यांनी डोळे?” त्या मला विचारत होत्या. “तुम्हाला कधी काही बोलले होते?”

“नाही,” मी म्हणालो.

पुष्कळ दिवस टाळून शेवटी एका रविवारी मी कामठीला गेलो. घरामागं कुणाचा तरी पॉवरलूम चालू होता, त्याची खटखट भिंतीतून येत होती. भाऊ खाटेवर बसले होते. माझा आवाज ऐकून त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी ऑफिसातल्या प्रत्येकाची चौकशी केली, नव्या मुलीचीसुद्धा.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि उभ्या उभ्याच माझ्याजवळ तक्रार करू लागल्या. “मी वर्षभर म्हणून राहिली भाऊजी, डोळे दाखवा, डोळे दाखवा. ताटातली मिरची दिसत नव्हती यायले. भेंडी समजून खाल्ली एक दिवस, अन् म्हणते, भेंडी लय तिखट झाली!”

“अवं, मिरचीचं सोड,” भाऊ म्हणाले. “याले विचार. शेवटच्या दिवसापर्यंत माहा एक पत्ता चुकला नाही. डोळे एका दिवसात गेले, एका झटक्यात. त्याले दवाखाना काय करणार होता? सांग गा इले.”

वहिनी माझ्याकडे वळल्या. “खरंच का हो?”

मी चहाकडे पाहत राहिलो. वहिनींनी त्याचा अर्थ हो असाच घेतला. त्यांचा चेहरा उतरला. पदरानं हात पुसत त्या म्हणाल्या, “मंग मीच उगाच भांडत राहिली म्हणा इतके दिवस.”

तेवढं मात्र मला सहन झालं नाही.

“नाही वहिनी. चुकत होता पत्ता.”

भाऊंनी मान माझ्या दिशेनं वळवली. “कधी?”

“पहिल्यांदा उन्हाळ्यात. मग बहुतेक रोज.”

“सगळ्याइले माहीत होतं?”

“पत्ता चुकतो एवढं माहीत होतं. टपरीवरचं फक्त मला माहीत होतं.”

“अन् ती राणी?”

“राजा होता, भाऊ.”

लूमची खटखट चालू होती. वहिनी आत निघून गेल्या. भाऊ शिवीगाळ करतील असं मला वाटलं, मी त्याचीच वाट पाहत होतो. शेवटी मी उठलो तसे तेही उठले. पाहुण्याला ऑटोपर्यंत सोडायची त्यांच्या घरची रीत होती. भिंतीला हात लावत लावत ते गल्लीतून माझ्यासोबत चालू लागले. मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.

निम्म्या वाटेवर त्यांनी विचारलं, “काहून गा?”

“वाईट वाटलं असतं, भाऊ.”

“कोणाले?”

मी चौकाच्या दिशेनं चालत राहिलो.

त्यानंतर मी कामठीला गेलो नाही. पुढच्या हिवाळ्यात भाऊ गेल्याचा फोन मीनाताईंना आला. सगळे त्यांच्या घरी गेले, मी ताप असल्याचं कळवलं. ताप नव्हता.

त्या रविवारी भाऊ मला सोडायला आले, तेव्हा चौकात दोन शेअर ऑटो उभे होते. मी मागच्यात बसलो. सीट भरल्याशिवाय ऑटो हलत नाही, म्हणून बराच वेळ तिथंच होतो. भाऊ रस्त्याच्या कडेला उन्हात उभे होते. पुढचा ऑटो सुरू झाला. त्याचा आवाज ऐकून त्यांनी हात वर केला आणि रिकाम्या रस्त्याकडे पाहत, आवाज पार विरून जाईपर्यंत त्या ऑटोला निरोप देत राहिले. मी त्यांच्यापासून चार पावलांवर बसलो होतो. हाक मारली नाही.