सतरा नंबरची उडी

ही गोष्ट माझ्या घरात कोणालाच ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर सांगितली नसती, हेही लिहून टाकते.

यवतमाळात माझं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. लग्नं, बारशी, निरोपसमारंभ. कामाला चोख म्हणून माझं नाव आहे. चोख! कोणी असं म्हटलं की मी दुसरीकडे बघते.

दहा-बारा वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या धावपट्टीवर बाहेरची काही मंडळी विमानातून पॅराशूटनं उड्या मारायचं शिबिर घेऊन आली होती. हौशी माणसाला शिकवणाऱ्याच्या छातीशी पट्ट्यांनी बांधायचं आणि वरून सोडायचं. आणखी एक जण हेल्मेटवर कॅमेरा लावून सोबत उडी घ्यायचा. ते चित्रण कापून-जोडून गिऱ्हाइकाला डिस्कवर द्यायचं काम माझं. चित्रण इतकं स्वच्छ, की माणसाच्या दाढीचे खुंट मोजावेत.

पण द्यायचं कुठल्या डिस्कवर? डीव्हीडी घरोघरी चालायची, पण तिच्यात ते चित्र बसवायचं म्हणजे त्याचा जीव काढूनच बसवायचं. ब्ल्यू-रेवर सगळं जसंच्या तसं राहिलं असतं, पण तिचा प्लेअर आमच्याकडे कोणाच्या घरी होता? गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन म्हणालं असतं, डिस्क खराब आहे.

देवरावभाऊंनी मधला रस्ता काढला. ते कळंबचे. सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडे कॅमेरामन. दुकान माझं, पण धंदा मला शिकवला तो त्यांनी. ते शिबिरवाल्यांसमोर म्हणाले, "ताई, दोन डिस्क देऊ. एक डीव्हीडी, आजच्या टीव्हीसाठी. दुसरीवर ओरिजिनल जसंच्या तसं टाकून देऊ. आज नाही चालली तं उद्या चालन."

शिबिरवाल्यांनी माना डोलावल्या — माझ्याकडे न बघता.

मी म्हटलं, "घ्या! कॅसेटीच्या काळातला माणूस मले डिस्क शिकवून राह्यला!" सगळे हसले. भाऊही हसले. आणि मी डीव्हीडीच ठरवली. फक्त डीव्हीडी. वेळ वाचतो, डोकं कमी लागतं, ही कारणं मी तेव्हा दिली. खरी होती. पण त्या कारणांसाठी मी ठरवलं का? नाही. ते बरोबर बोलले, आणि चारचौघांत बोलले — म्हणून.

भाऊंनी एवढंच मागितलं, "मंग ओरिजिनल तेवढी हार्ड डिस्कवर राहू द्याजा." मी हो म्हटलं.

धावपट्टीवरच्या तंबूत कॅमेऱ्याची कार्डं हार्ड डिस्कवर कॉपी करायचं काम त्यांचंच होतं. त्यांची एक वही होती. उडीचा नंबर, माणसाचं नाव, आणि कॉपी उघडून पाहिली की लाल पेनानं बरोबरची खूण. खूण झाल्याशिवाय कार्ड रिकामं करायचे नाहीत.

लग्नसराई आली, हार्ड डिस्कवर जागा लागू लागली. आमच्या धंद्याची रीत अशी, की पार्टीनं डिस्क नेली, महिना गेला, तक्रार नाही — की साफ करायचं. मी सगळी ओरिजिनल पुसून टाकली. भाऊंना सांगितलं नाही. कशाला सांगायचं? कोण मागायला येणार होतं?

आल्या. वणीच्या शोभाबाई. नवरा कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचा. रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. त्याची उडी सतरा नंबरची. बाईंनी ती डीव्हीडी रुमालात गुंडाळून आणली होती. म्हणाल्या, "भिंतीवर लावाले फोटो पाह्यजे. दुसऱ्या साऱ्या फोटोत ते ठाण्यात बसवल्यासारखे दिसतात. ह्याच्यातच तेवढे हासले."

खरंच हसला होता. तोंड उघडं, गाल वाऱ्यानं कानापर्यंत गेलेले. मी ती फ्रेम काढून मोठी केली — आणि चेहऱ्याचे चौकोन झाले. डोळ्याच्या जागी तीन चौकोन, दातांच्या जागी एक पांढरा पट्टा.

देवरावभाऊ बाजूलाच होते. खुशीत म्हणाले, "काळजी नोका करू बाई, ओरिजिनल आहे ना! म्या सोताच्या हातानं कॉपी केली. काढा ताई."

काढा ताई.

खोटं बोलायला किती वेळ लागतो? मला लागलाच नाही. मी म्हटलं, "भाऊ, सतरा नंबर तुम्ही कॉपीच केली नव्हती. कार्ड तसंच रिकामं केलं. मी तेव्हा बोलले नाही, तुम्हाला वाईट वाटलं असतं."

शेवटचं वाक्य पाहिलंत? ते तर कोणी मागितलंही नव्हतं.

भाऊ म्हणाले, "असं कसं होईन? माही वही कुठं गेली?" वही माझ्या ड्रॉवरमध्ये होती — शिबिराच्या हिशेबाबरोबर मीच आत टाकलेली. मी ड्रॉवरला गुडघा टेकवला आणि म्हटलं, "मले काय माहीत?"

शोभाबाई ओरडल्या नाहीत. भाऊंकडे बघून एवढंच म्हणाल्या, "एवढंच तं काम होतं तुमचं, भाऊ." आणि चौकोनांचा तो फोटो घेऊन वणीच्या गाडीला गेल्या.

मला वाटलं होतं, भाऊ भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाले, "झालं असन, ताई. वय झालं."

त्यानंतर कार्ड रिकामं करायच्या आधी ते माझ्याकडे यायचे — "एक डाव तुमीच पाहून घ्या." मी पाहायचे. सगळं जागेवर असायचं, दर वेळी. कळंबच्या एका लग्नात ते रेकॉर्डिंग सुरू आहे का हे इतक्यांदा तपासत राहिले, की नवरीच्या गळ्यात हार पडला तो क्षणच हुकला. त्या लग्नानंतर ते कामावर आले नाहीत. मीही बोलावलं नाही. चोख माणूस हवा होता ना मला.

कळंब इथून किती लांब? मधल्या वर्षांत कितीदा तिथून गेले. गाडी एकदाही थांबवली नाही.

मागच्या हिवाळ्यात भाऊ गेले. मी त्यांच्या घरी भेटायला गेले. त्यांच्या बायकोनं चहा दिला. म्हणाल्या, "आखरीले लय वहमी झालते. कडी लावली का, गॅस बंद केला का — दोन-दोन खेपा उठून पाहात. मी म्हणो, म्याच तं बंद केला, झोपा. तं म्हणत, माह्या हाताचा भरोसा नाही."

मी चहा संपवला. कपबशी आत नेऊन ठेवली. निघाले.

वही अजून त्याच ड्रॉवरमध्ये आहे. सतरा नंबर, शोभाबाईंच्या नवऱ्याचं नाव, पुढे लाल खूण. आणि तिच्याशेजारी, भाऊंनी तेव्हाच दुसऱ्यांदा पाहिल्याची, आणखी एक.