वाटीतलं पाणी आणि पडद्यावरची रेष

शुक्रवारी सकाळी निघोज्यातल्या आमच्या गाळ्याचं शटर मी नुकतंच वर केलं होतं आणि माझी भागीदार वसुधा हिच्या नवऱ्याचा फोन आला. "सर, ती गेली..." एवढंच तो म्हणाला. पहाटे हार्ट अटॅक आला. रहाटणीतल्या घरातून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. खरं सांगायचं तर मी आधी चिडलो. आदल्या संध्याकाळीच ती बजावून गेली होती, "उद्या लवकर या सर, शेजारची प्रेस चालू झाली की बघू." बघायचं ठरवून ही बाई निघून गेली. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

चाकणच्या एका कंपनीत आम्ही गाड्यांचे सेन्सर करायचो. ती लातूरकडची, माझ्या हाताखाली आलेली आणि पहिल्या दिवसापासून माझं न ऐकणारी. कंपनी सोडून आम्ही दोघांनी हा गाळा घेतला तो वेगळ्याच कामासाठी. प्रयोगशाळेत काचेच्या चिपवर जिवंत पेशी वाढवतात. चिपमधल्या केसाएवढ्या वाटांतून त्यांना अन्नरस पुरवायचा असतो. प्रवाह जरा जोरात गेला की पेशी सुटून वाहून जातात, मंदावला की उपाशी मरतात. तो प्रवाह अचूक सांगणारा सेन्सर आम्हाला करायचा होता आणि शेजारी होती बबनभाऊंची पत्रा ठोकणारी प्रेस. वसुधा टेबलावर पाण्याने भरलेली स्टीलची वाटी ठेवायची. आधी वाटीत बघायची, मग संगणकाच्या पडद्यावर. ठोका पडला की पाणी थरथरायचं आणि प्रवाहाची रेषही. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, प्रेस बंद, त्यामुळे रेष सुतासारखी सरळ. आमची सगळी देखणी मापं गुरुवारची.

एका संशोधन संस्थेतल्या डॉक्टरबाई सेन्सर बघायला येणार होत्या. त्यांनी नाकारला तर गाळ्याला कुलूप लागणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "गुरुवारी बोलव." तिने मंगळवार दिला. "त्यांच्याकडं लिफ्ट हाय, फ्रीज हाय, दारं आपटतात. तिथं काय रोज गुरुवार असतोय? कशाला घाबरायलाव सर?" त्यानंतर मी तिच्याशी धड बोललोच नाही.

मंगळवारी बाई आल्या. वाटी थरथरत होती, रेष नाचत होती. आणि अचानक प्रेस थांबली. रेष सरळ झाली. "छानच आहे की," बाई म्हणाल्या. माझ्या जिवात जीव आला. वसुधा मात्र उठून शेजारी गेली. भिंतीपलीकडून बबनभाऊंचा आवाज आला, "ताई, पावणं आल्यात म्हून बंद केली म्या." मग तिचा. "उपकार झाले भाऊ, पण चालू करा." ठोके पुन्हा पडू लागले, रेष पुन्हा नाचू लागली. परत येऊन तिने सरळ सांगितलं, "मॅडम, हे असंय. आज नेलात तर तुमच्या पेशी मरतील." "दुरुस्त झाला की फोन करा," बाई म्हणाल्या, "पण माझा प्रयोग फार थांबणार नाही."

त्या गेल्यावर मी तिला वाट्टेल ते बोललो. ती शांतपणे वाटीतलं पाणी बदलत होती. नंतर तिला दोष सापडला. ठोक्यासरशी सेन्सर आणि चिप जोडणारी पातळ नळी हलायची आणि आतला रस पुढे ढकलायची. तिने नळीच काढून टाकली आणि सेन्सर थेट चिपला बसवला. हे करण्यात तिचा शेवटचा गुरुवार गेला. प्रेस बंद असल्याने पारखणं शुक्रवारवर राहिलं.

तेरावा झाल्यावर मी गाळा उघडला. शटरचा आवाज ऐकून बबनभाऊंनी प्रेस थांबवली. वाटी कोरडी पडली होती, ती भरली. पंप चालू केला. रेष सुरेख आली. एवढा फोटो डॉक्टरबाईंना पाठवला असता तरी भागलं असतं... मी उठून शेजारी गेलो.

"बबनभाऊ, चालू करा."

"सर, आज न्हाई. आज ऱ्हाऊ द्या की."

"तिला बघायचं होतं हो."

"व्हय," ते म्हणाले आणि मशीनकडे वळले.

ठोका पडला. वाटीतलं पाणी थरथरलं. रेषेवर पंपाचा बारीक चढउतार तेवढा होता, दुसरं काही नाही. पुन्हा ठोका, पुन्हा पाणी, आणि रेष जागची हलेना. मी तिच्या खुर्चीत बसून ढसाढसा रडलो. मग डॉक्टरबाईंना फोन लावला, सेन्सर तयार आहे म्हणून सांगितलं. कोणत्या वारी येऊ, असं त्यांनी विचारलं.

वाटीतलं पाणी अजून हलत होतं.

"कुठल्याही वारी या," मी म्हटलं.